कान माझे, बटण तुमचं

८ जानेवारी

प्रिय टकळे,

यंत्रं मिळाली, दोन्ही कानांत बसलीसुद्धा. तुमच्या कंपनीने शेंगदाण्याएवढी वस्तू केवढ्या खोक्यात घालून पाठवली गं! तुझी मामी खोकं उघडत होती. आत खोकं, त्याच्या आत आणखी एक खोकं. शेवटी वैतागून म्हणाली, "कान घालायला विसरले वाटतं."

पहिल्याच दिवशी मला तीन गोष्टी कळल्या. आपलं भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं. जिन्याची एक पायरी कुरकुरते. आणि तुझी मामी स्वतःशी बोलते. काय बोलते तेही ऐकू आलं. गेली दहा वर्षं मी स्वतःला सुखी माणूस समजत होतो, ते बहिरेपणामुळे होतं हे आता लक्षात आलं.

आवाज कमी-जास्त करायचा तर तो फोनवरच्या अ‍ॅपमधून, आणि फोन मामीचा. म्हणजे माझ्या कानांच्या नाड्या तिच्या हातात. काल शेजारच्या वहिनी आल्या होत्या. त्या रंगात येऊन काहीतरी सांगत होत्या आणि अचानक त्यांचे नुसते ओठ हलायला लागले. मामी समोरच बसली होती, फोन हातात, चेहरा असा की दुधाने धुतलेला. नंतर म्हणाली, "तुमच्याबद्दलच बोलत होत्या, म्हणून."

तू म्हणतेस पत्रं कशाला, फोनवर लिही. अगं, फोनवर लिहिलं की ती आधी वाचते, मग सुधारते, मग पाठवते. पत्र बरं.

आता कामाचं. तू कानाच्या यंत्रांचे प्रोग्राम लिहितेस म्हणून तुला विचारतो. संगीतशाळेचा मोठा पियानो सुरात लावायला घेतलाय. वरच्या सप्तकात आलो की सूर थरथरतो, पाण्यात पडलेल्या दिव्यासारखा. वाटलं तार गेली. बदलली. नवी तारही थरथरते. तीही बदलली. एकेचाळीस वर्षं पियानो लावतोय, लागोपाठ दोन नव्या तारा खराब निघाल्याचं कधी पाहिलं नाही. तुला काही सुचतं का?

तुझा,
मामा


१७ जानेवारी

मामा,

मामीला माझ्याकडून शाबासकी दे. आमच्या कंपनीत त्या अ‍ॅपची चाचणी घ्यायला बारा माणसं आहेत, पण शेजारणीला बंद करण्यासाठी ते वापरायचं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तारा बदलू नकोस. तार चांगली आहे, कान लबाडी करताहेत. असं बघ, कानात यंत्र असलं की त्याचा आवाज बाहेर येऊन परत त्यातच शिरतो आणि कुईं करून शिट्टी वाजते. ती वाजू नये म्हणून आम्ही आत एक पहारेकरी बसवलाय. एकसारखा, सरळ, लांब सूर ऐकू आला की त्याला वाटतं, आली शिट्टी! मग तो त्या सुराला इकडेतिकडे ढकलतो. माणसांच्या बोलण्यात असे सूर नसतात, म्हणून बोलणं नीट ऐकू येतं. पियानोची वरची तार म्हणजे त्याच्या दृष्टीने सराईत चोर.

उपाय सोपा आहे. मामीला सांग, अ‍ॅपमध्ये 'संगीत' लिहिलंय तिथे जा, तिसरं पान उघड, तळाशी 'शिट्टीरोधक' नावाचं बटण आहे ते बंद कर. कामापुरतं बंद, मग परत चालू.

आणि मामा, यंत्रं जास्त वेळ घालत जा बरं. दिवसाला सरासरी पाच तास म्हणजे काहीच नाही, आणि रविवारी तर जेमतेम पावणेदोन! अशाने कानांना सवय कशी होणार?

तुझी,
टकळी


२ फेब्रुवारी

प्रिय टकळे,

बटण बंद केलं आणि मी शाळेच्या त्या दालनात एकटा खुर्चीवर बसून राहिलो.

तुला माझं काम ठाऊक आहे, पण ते कसं चालतं हे मी कधी सांगितलं नाही. वरच्या प्रत्येक पट्टीला तीन तारा असतात. दोन तारा किंचित वेगळ्या असल्या की त्यांच्यात एक लाट ऐकू येते, वँव-वँव-वँव. पान्हा केसभर फिरवला की लाट मंदावते. आणखी केसभर, आणखी मंद. मग एका क्षणी ती थांबते. ती थांबते तो क्षण म्हणजे माझा धंदा. बाकी सगळी हमाली.

गेली सहा-सात वर्षं तो क्षण मी अंदाजाने पकडत होतो. कुणाला सांगितलं नाही, मामीलाही नाही. तुझं बटण बंद केलं आणि लाट थांबलेली मला स्वच्छ ऐकू आली. सूर काठीसारखा ताठ उभा. मी तीच पट्टी किती वेळा वाजवली असेन! शिपाई डोकावून म्हणाला, "काका, अडकलंय का काही?"

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी सकाळी मामीच्या फोनने आपण होऊन काहीतरी उतरवून घेतलं, "आपले अ‍ॅप आता अधिक सोपे झाले आहे" असं सांगितलं, आणि बटण गायब. मामीने सगळी पानं उलटीपालटी केली. दवाखान्यातल्या कानाच्या बाईंकडे गेलो. त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाल्या, "परवापर्यंत इथं होतं खरं." शाळेचा पियानो अर्धा झालाय, मामा असून काकुळतीला येतो, तेवढं बटण कुठे ठेवलंय ते सांग.

आणि एक. रविवारी पावणेदोन तास, हे अगदी बरोबर आहे. त्या दिवशी मामीच्या दोन्ही बहिणी आल्या होत्या. पावणेदोन तासांनंतर मी यंत्रं काढून खिशात टाकली आणि संध्याकाळपर्यंत हसत मान हलवत बसलो. हे घरात कुणालाही माहीत नाही.

तुला कुणी सांगितलं?

मामा


११ फेब्रुवारी

मामा,

पत्र मिळालं. घाईत लिहितेय, इथे कामाची गर्दी आहे.

ते बटण नव्या आवृत्तीत काढण्यात आलं आहे. ते चुकून बंद झालं तर वापरणाऱ्याला त्रास होऊ शकतो, म्हणून सुरक्षिततेसाठी तसा निर्णय झाला आहे. संगीतासाठी पर्याय देता येईल का याचा विचार पुढेमागे केला जाईल. तोपर्यंत पियानो लावताना यंत्रं काढून ठेवून पाहावं.

रविवारचं म्हणशील तर तो आपला माझा अंदाज होता.

मामीला नमस्कार.

टकळी


२० फेब्रुवारी

चि. टकळीस,

हे पत्र मामीचं आहे. ह्यांना न सांगता लिहितेय, तेव्हा उत्तर देताना जपून.

तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. मग घडी घालून म्हणाले, "हे माझ्या भाचीचं पत्र नाही, हे पत्रक आहे." आणि यंत्रं काढून बटणांच्या डब्यात टाकली. शर्टाच्या बटणांच्या. तेव्हापासून ती तिथेच आहेत.

शाळेचा पियानो ह्यांनी कसाबसा पुरा केला. तिथल्या संगीताच्या बाई फार भल्या. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी दुसऱ्या एकाला बोलावून वरच्या तारा परत लावून घेतल्या. ह्यांना शिपायाकडून कळलं. घरी येऊन पान्हे आणि चिमटे पुसून पिशवीत भरले आणि पिशवी कपाटाच्या वर ठेवली. एकेचाळीस वर्षं ती दाराशी असायची. मी रोज तिला अडखळायचे आणि रोज बोलायचे. आता अडखळत नाही, तर चुकल्यासारखं होतं.

परवा रस्ता ओलांडताना मागून सायकलवाला ओरडत आला. ह्यांना पत्ता नाही. मी दंड धरून ओढलं म्हणून वाचले. वर मलाच म्हणतात, "ओढतेस काय, मी काय म्हातारा झालो?"

आता तुझ्या कंपनीची कमाल ऐक. यंत्रं डब्यात गेल्याला तीन दिवस झाले आणि माझ्या फोनवर निरोप आला, "आपल्या प्रिय व्यक्तीने तीन दिवस यंत्र वापरलेले नाही. त्यांच्याशी प्रेमाने बोला." मी काय एरवी लाटणं घेऊन बोलते का गं?

माझ्या बहिणींचा किस्साही मला कळला. यंत्रं टाकताना रागाच्या भरात तेच बोलून गेले. त्याचं मी माझ्या सवडीने बघेन. पण मुली, नवऱ्याने मला फसवलं हे मला कंपनीच्या आधी कळायला हवं होतं की नाही?

त्यांना खरं काय ते लिही. ते रागावलेले नाहीत. रागावले असते तर जेवताना बोलले असते. गप्प आहेत.

मामी


२७ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र चार वेळा फाडलं.

ते बटण 'काढण्यात आलं' नाही. मी काढलं. माझ्या हातांनी. डिसेंबरमध्ये साहेबांनी बैठकीत आकडे दाखवले की ते बटण शंभरात दोन माणसं वापरतात, आणि उरलेल्यांपैकी काही जण ते चुकून बंद करतात, मग शिट्टी वाजते आणि ते तक्रार करतात. बटण नसलं तर तक्रार नाही. मला ते पटलं. खरं सांगू? पटलं, कारण ते काढणं अर्ध्या दिवसाचं काम होतं आणि नीट समजावून सांगणारं पान लिहिणं दोन आठवड्यांचं. तुला ते बटण वापरायला सांगितलं तेव्हा ते जाणार हे मला माहीत होतं. वाटलं, तोवर तुझा पियानो होईल.

आता रविवार. यंत्र कधी चालू, कधी बंद, किती गोंगाटात, किती शांततेत, या सगळ्याची नोंद मामीच्या फोनवरून आमच्याकडे येते. सुरुवातीला एक लांबलचक करार येतो, त्याच्या तळाशी मामीने 'मान्य' दाबलं, बास. नावं झाकलेली असतात असं आम्ही म्हणतो. पण यंत्राचा क्रमांक असतो, आणि तुझ्या खोक्यावरचा क्रमांक मी स्वतः लिहिला होता. एकदा सहज पाहिलं. मग रोज चहाच्या वेळी पाहायला लागले. मामा उठला, मामा कामावर गेला. मला बरं वाटायचं, घरी डोकावल्यासारखं. तू कधी मला डोकावायला बोलावलंस का, हे डोक्यात आलंच नाही. आणि तू विचारलंस तेव्हा 'अंदाज' म्हणाले.

मी एक केलंय. यंत्राचा जुना प्रोग्राम, बटणासकट, माझ्याकडे आहे. तुझ्या दोन यंत्रांपुरता तो परत बसवता येईल, आणि नोंद पाठवणंही बंद करता येईल. यंत्रं मला पाठव, आठ दिवसांत परत करते. इथे कुणाला कळणार नाही. फक्त तुझ्यासाठी.

माफ कर म्हणत नाही. शिव्या घाल, पण लिही.

टकळी


८ मार्च

प्रिय टकळे,

हे पत्र माझ्या भाचीचं आहे. अक्षर घाणेरडं, मजकूर खरा.

शिव्या मामीने घालून झाल्या आहेत, अर्ध्या तुला, अर्ध्या मला. वर माझ्या मेहुण्यांना येत्या रविवारी पुन्हा बोलावलंय आणि मला बजावलंय की यंत्रं कानात हवीत, आणि आवाज ती ठरवेल. तेव्हा माझी शिक्षा सुरू झालेली आहे. तुझी तू बघ.

रोज चहाच्या वेळी माझ्यावर नजर ठेवत होतीस, याचा राग आला. मग विचार केला, तू मला महिन्यातून एक पत्र पाठवतेस आणि माझ्या यंत्राला रोज भेटतेस, म्हणजे यंत्राचंच नशीब मोठं. पण पुन्हा असं नको. मी कुठे आहे हे मला विचार. मी सांगेन, आणि कधी कधी खोटंही सांगेन. तो माझा हक्क आहे.

आता तुझ्या देणगीबद्दल. नको.

आढेवेढे घेत नाही. दोन रात्री त्या पट्टीचा विचार करत होतो, जीभ वळवळत होती 'पाठवतो' म्हणायला. पण शंभरात दोन म्हणतेस ना? दुसरा कोण आहे? कुणी बासरीवाली असेल, कुणी घंटा ओतणारा असेल, किंवा कुणाच्या पाखराचा सूर तुमच्या पहारेकऱ्याला चोरासारखा वाटत असेल. मला भाची आहे. ज्याला भाची नाही त्याने कुणाला पत्र लिहायचं?

एक सांगतो. एकेचाळीस वर्षांत मी शेकडो पियानो लावले, पण एकाही पियानोला कुलूप घालून आलो नाही. लोक काय काय करतात! एका गृहस्थांनी पकड घेऊन स्वतः तार पिळली, ती तुटून त्यांच्या चष्म्यावर आपटली. मी गेलो, तार बदलली, त्यांना चार शब्द सुनावले आणि पकडीऐवजी पान्हा कसा धरायचा ते दाखवलं. पियानो त्यांचा होता. बिघडवायचा झाला तरी त्यांचा.

तुझ्या साहेबांना भेटायचंय. भांडायला नाही. त्यांना एक आवाज ऐकवायचाय. वेळ घेऊन ठेव.

मामा

ता. क. तू पाठवलेल्या पाकिटावर तिकीट कमी होतं. दंड भरला. तुझी सुरक्षितता जप.


२ एप्रिल

प्रिय मामी,

मामा बसमध्ये सुखरूप बसला आहे. तुझा गुडघा दुखत होता म्हणून तू आली नाहीस, त्याला सगळं नीट सांगता येणार नाही (म्हणजे तो स्वतःचा पराक्रम वाढवून सांगेल आणि माझा विसरेल), म्हणून हे.

साहेबांनी वीस मिनिटं दिली होती. काचेच्या भिंतींची खोली, लांबलचक टेबल, साहेबांसोबत कंपनीतले आणखी दोघं. साहेब माझ्याहून फार मोठे नाहीत. अगदी नम्र. मामाला बसवलं, पाणी दिलं आणि मोठ्याने, तुकडे पाडत विचारलं, "काका, आपल्याला, काय, त्रास, आहे?"

मामा म्हणाला, "मला नाही, तारेला आहे. आणि हळू बोललात तरी चालेल. तुमचंच यंत्र आहे, चांगलं चालतं."

मग त्याने त्या पिशवीतून नादकाटा काढला, तोच तो दोन टोकांचा पोलादी काटा, ज्याच्या सुरावर तो पहिली तार लावतो. मी चाचणीची यंत्रं आणली होती, ती साहेबांच्या कानांत बसवली. मामाने काटा गुडघ्यावर आपटून त्यांच्या कानाशी धरला.

साहेब थोडा वेळ ऐकत राहिले. "थरथरतोय. तुमच्या काट्यात दोष आहे का?"

मामी, त्या क्षणी मला मामाची भीती वाटली. पण तो नुसता म्हणाला, "यंत्रं काढा." साहेबांनी काढली. त्याने काटा परत आपटला. मग घालायला लावली, परत आपटला. काढायला लावली, परत. चौथ्या वेळी साहेबांनी स्वतःच यंत्रं काढली, काटा मागून घेतला आणि स्वतःच्या गुडघ्यावर आपटला. जोरात. "आई गं" म्हणाले आणि मग खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकलं, सूर विरेपर्यंत.

"तुमचं पोट यावर आहे," ते म्हणाले.

"पोट भरेल कसंही. पण हा मला ऐकायचा आहे."

साहेब म्हणाले, "काका, मला पटतंय. पण बटण दिलं की लोक चुकून दाबतात. शिट्टी वाजली की घाबरतात. अठ्ठ्याण्णव माणसांची सोय बघायची की दोघांची?"

"अठ्ठ्याण्णवांचं काढून मला द्या असं मी कुठे म्हणतोय? त्यांनी दाबलं तर परत कसं दाबायचं ते दाखवा."

मग मामाने तो प्रश्न विचारला. मी त्याला बजावलं होतं, तो विषय काढू नको. पण त्याने कधी कुणाचं ऐकलंय! "साहेब, परवाच्या रविवारी तुम्ही किती वाजता उठलात? दुपारी कुणी आलं होतं का? ते असताना तुम्ही किती वेळ ऐकत होतात आणि किती वेळ नाही?"

साहेब हसले. "काका, हे जरा खासगी झालं."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. टेबलाशी आम्ही पाच जण होतो. कुणी कुणाकडे पाहिना.

तेव्हा मी बोलले, मामी. मामाने सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, यांची नोंद मी पाहिली. महिनाभर, रोज, परवानगी न घेता. मी भाची आहे म्हणून नुसती काळजी केली. पण मला कुणी अडवलं नाही आणि मी पाहिल्याचं कुणाला कळलंही नाही. उद्या भाची नसलेलं कुणीही पाहू शकेल. त्या दोघांतल्या तक्रारी घेणाऱ्या बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शंभरात दोन म्हणजे आपल्याकडे अकराशे माणसं होतात. त्यांतल्या चाळीस जणांची पत्रं माझ्याकडे आहेत. मी वर पाठवली होती."

साहेब "बघू" म्हणाले. पण दारापर्यंत सोडायला आले आणि मामाला विचारलं, तो काटा कुठे मिळतो.

बाहेर पडल्यावर मामा माझ्यापुढे चार पावलं, भराभर बसथांब्याकडे चालत सुटला. मला वाटलं, मी चुकले. मग बस आली, आणि चढता चढता म्हणाला, "तुझ्या आईला सांगतो, मुलगी बरी निघाली. पत्रकं लिहायची सवय तेवढी मोडा."

माझं इथे काय होईल माहीत नाही. त्याला ते सांगू नकोस.

तुझी,
टकळी


१९ जून

मामा,

बातमी एकदम देते. बटण परत येतंय, पुढच्या आठवड्यात.

लगेच पेढे वाटू नकोस. आधी तिसऱ्या पानावर होतं त्यापेक्षा खोल गाडलंय, चौथ्या पानाच्या तळाशी. दाबलं की दोनदा विचारतं, "नक्की?" एकदा "नक्की नक्की?" असंही होतं, ते मी भांडून काढायला लावलं. नोंदीचं म्हणशील तर आता ती पाठवण्याआधी अ‍ॅप विचारेल. 'हो' हे अक्षर तळहाताएवढं आहे आणि 'नाही' हे मुंगीएवढं. मामीला चष्मा लावून बसायला सांग. आणि पाठवलेल्या नोंदी कोण उघडून पाहतो, त्याची आता वेगळी नोंद होते. ती करायचं साहेबांनी माझ्यावरच सोपवलं. ते माझं त्या खात्यातलं शेवटचं काम.

हो, शेवटचं. परवानगीविना नोंद पाहिली हे मी चार जणांसमोर कबूल केलं होतं, त्यामुळे काहीतरी होणारच होतं, आणि ते होणं बरोबरही होतं. प्रोग्राम लिहिण्यावरून मला काढून पुस्तिका लिहिण्यावर टाकलंय. यंत्राच्या खोक्यात ती जाडी वही असते ना, जी कुणीच वाचत नाही, ती. वाईट वाटत नाही असं लिहिणार होते. पण वाटतं. आठ वर्षं ज्या खुर्चीत बसले ती सोडताना टेबलाचा खण रिकामा करत होते, तेव्हा फार वाटलं.

पण काल पहिलं पान लिहून झालं. 'शिट्टीरोधक बंद करणे: केव्हा, कसे, आणि शिट्टी वाजल्यास घाबरू नये.' चित्रांसकट. दोन आठवडे लागले. डिसेंबरमध्येच लावले असते तर बरं झालं असतं.

नवी आवृत्ती आली की लगेच करून बघ आणि कळव. मी यावेळी कुठेही डोकावलेले नाही, त्यामुळे तू लिहिल्याशिवाय मला काहीही कळणार नाही. तेव्हा लवकर लिही. जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
टकळी


६ जुलै

प्रिय टकळे,

मुद्दाम आठवडाभर उशिरा लिहितोय. टांगणीला लागल्यावर कसं वाटतं ते कळू दे.

बटण आलं. मामीने चष्मा लावून मुंगी शोधली आणि 'नाही' दाबलं. तेव्हापासून माझं काय चाललंय ते फक्त तिला माहीत असतं. म्हणजे कंपनीपेक्षा पुष्कळ जास्त.

संगीतशाळेच्या बाईंनी आपण होऊन निरोप धाडला. मी गेलो. त्या अवघडल्या होत्या, मीही. मी म्हणालो, "दुसऱ्या गृहस्थांनी चांगलं लावलंय," आणि ते खरंच होतं. एक पट्टी सोडून. ती कोणती ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, लावून टाकली. लाट थांबली तेव्हा बाई शेजारी उभ्या होत्या. "आत्ता?" त्यांनी विचारलं. "आत्ता," मी म्हणालो.

पण तुला सांगायची गोष्ट ती नाही. परवा दवाखान्यात गेलो होतो. बाकावर शेजारी एक निवृत्त बसचालक बसले होते. भारदस्त माणूस, कानांत आपलीच यंत्रं. बोलणं निघालं. मी लगेच प्रचाराला लागलो. म्हटलं, तुमच्या यंत्रात एक पहारेकरी आहे, त्याला रजा देता येते. तुझी पुस्तिका दवाखान्यात ठेवली होती, ते पान काढलं, त्यांच्याच फोनवर त्यांनाच करायला लावलं. चौथं पान, तळ, नक्की, नक्की. हो दाबलं.

कुईंईं! अशी शिट्टी वाजली की कानाच्या बाई आतून धावत आल्या. बसचालकांनी तोंड असं केलं जणू कच्चं लिंबू चावलं. तुझ्या चित्रात दाखवलं होतं तसं त्यांनी, स्वतःच, बटण पुन्हा चालू केलं. शिट्टी थांबली.

"छे बुवा," ते म्हणाले, "मला नाही जमायचं. आपला पहारेकरी बरा."

मी जरा हिरमुसलो. इतकी यातायात केली आपण, आणि हा माणूस आठ सेकंदांत परत पहिल्या जागी! मी उठायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरून बसवलं. फोन माझ्यापुढे धरला.

"पण थांबा," ते म्हणाले, "यात आणखी काय काय आहे ते दाखवा की. वर्ष झालं, मला वाटायचं हे माझ्यासाठी कुणीतरी ठरवून ठेवलंय."

आम्ही चारही पानं पाहिली. आमचा नंबर पुकारला होता. दोघांनाही ऐकू आला नाही.

तुझा,
मामा